एकट्याने जेवायचं नाही

मुरबाड, मंगळवार. दिवेलागण.

सानवीचा प्रश्न डोक्यातून जातच नाही. दुसरीतली एवढीशी पोर!

आमच्या शाळेत सिस्टरांचा एक नियम कडक आहे: एकट्याने जेवायचं नाही. आधी प्रार्थना, मग सगळ्यांनी मिळून ‘आमेन’, आणि मगच डबे उघडायचे. माझ्या घरात बुद्धवंदना, पण हा नियम मला पहिल्या दिवसापासून पटला. वर्गाकडून तो मीच घोकून घेते. आणि आज मीच घाईघाईत कपाटाआड उभ्याने पोळी खात होते.

सानवीने पाहिलं. “बाई, तुमी एकट्याच जेवता? असं नाय चालत.” हाताला धरून तिने मला पोरांच्या गोलात नेऊन बसवलं. आपल्या डब्यातली तांदळाची भाकरी मोडून माझ्या हातावर ठेवली. मग म्हणाली, “घरी तुमच्यासंगं कोण जेवतं, बाई?”

“सगळे,” मी म्हटलं.

कोण सगळे? हे गेले, लेक वाशिंदला सासरी. खरं सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं? पण तिची भाकरी हातात होती. नाही जमलं. आणि ती किती खूश झाली ‘सगळे’ ऐकून!

आत्ता भात वाढून घेतला. सवयीने हात जोडले, शाळेतली प्रार्थना म्हटली आणि शेवटी पोरांसाठी थांबते तशी थांबले.

भात निवला, तरी ‘आमेन’ कोणी म्हटलं नाही.