चौऱ्याण्णव नंबरचा शर्ट

ती. ल्युडमिलाताईस,

धाकट्या काझिमिरचा नमस्कार. वाकून करतोय असं समज, गुडघे आता वाकू देत नाहीत. तुझा रक्तदाब कसा आहे? दाजींचा विचारत नाही, कारण त्यांचा कधी वाढत नाही, ते दुसऱ्यांचा वाढवतात. (दोन गल्ल्यांवर राहून पत्र कशाला, म्हणशील. फोन दाजी उचलतात. म्हणून हे बटाटा भरलेल्या पिरोगींच्या डब्यात, तळच्या कागदाखाली ठेवलंय. डबा तूच धुतेस.)

शुक्रवारी चर्चच्या हॉलमध्ये काय झालं ते तुला दाजींच्या तोंडून कळलं असेल, म्हणजे निम्मंच कळलं असेल. (तू आत बटाट्यांच्या थाळ्या लावत होतीस.) आता पूर्ण ऐक. यंदा बेसबॉलमध्ये आपलं क्लीव्हलँड गटात पहिलं येणार, शंभर सामने जिंकणार, यात मला तिळमात्र शंका नाही. गेली चार वर्षं मी हेच लिहून अंदाजाच्या पाकिटात घातलं आणि चारही वेळा हॉलमधल्या सगळ्या अंदाजांत माझाच शेवटचा आला, हे खरं आहे. पण तेव्हा मी इथे पार्मात बसून पेपर वाचून बोलत होतो. यंदा मी ॲरिझोनाला गेलो, आठ दिवस उन्हात नाक सोलून घेतलं आणि संघाचे सराव सामने स्वतःच्या डोळ्यांनी बघून आलो. जाणं भागच होतं. जो सलग पाच वर्षं शेवटचा येईल त्याने पुढे जन्मभर अंदाज लिहायचा नाही, ईस्टरआधीच्या उपासाच्या शुक्रवारी, मटण वर्ज्य असतं तेव्हा, गुमान मासे तळायचे, हा नियम आपल्याच पप्पांनी केलेला. आपल्याच पोटच्यावर ही पाळी येईल हे त्यांना काय माहीत. ताई, मला मासे तळता येतात, गप्प बसता येत नाही. माझी मार्था गेल्यापासून घरात बोलायला कुणी नाही. वर्षातून तेवढी एक संध्याकाळ असते की मी बोलतो आणि साठ माणसं ऐकतात, हसायला का होईना. ती गेली तर मी करायचं काय?

तर तिथे मला तो दिसला, चौऱ्याण्णव नंबर. मंगळवारी उतरला आणि दोन चेंडू थेट कुंपणापार घालवले. बुधवारी पळण्यात असा चपळ, की समोरच्यांच्या हातात चेंडू येईपर्यंत हा पुढच्या बेसवर जाऊन धूळ झटकतोय. (त्या दिवशी जरा बुटका वाटला, पण मी लांब बसलो होतो.) गुरुवारी तर पठ्ठ्या चक्क चेंडू फेकायला उभा, तोही डाव्या हाताने. शर्टावर नाव नव्हतं. मी म्हटलं, इतका नवा आहे की नाव शिवायलाही कुणाला सवड झालेली नाही. रोज संध्याकाळी तुमच्याकडे फोन करून दाजींना हे सगळं साग्रसंगीत ऐकवत होतो. ते आपले 'बरं, बरं' म्हणायचे.

परत आल्यावर पाकीट अंदाजांच्या डब्यात टाकलं आणि शुक्रवारी हॉलमध्ये हेच सांगायला उभा राहिलो. माणसं काटे खाली ठेवून ऐकत होती. तेवढ्यात दाजी कोबीची कोशिंबीर चावत म्हणाले, "काझिमिर, तो शर्ट कुणा एकाचा नसतो रे. सराव सामन्यात माणसं कमी पडली की ज्युनियर संघातून रोज कुणीतरी उसना आणतात आणि तोच बिननावाचा शर्ट त्याच्या अंगात घालतात. तू तीन वेगळी पोरं बघितलीस." हॉल असा हसला की आत मासे तळणारे फादर झारा घेऊन बाहेर आले. मी डगमगलो नाही. म्हटलं, दाजी, एकाच्या जागी तिघं निघाले, म्हणजे आपला संघ तिप्पट भक्कम झाला. यावर दाजी हसत हसत कोशिंबीर चावत राहिले. (हसणं म्हणजे काही उत्तर नव्हे.) तेव्हा माझा अंदाज ठाम आहे, शंभर म्हणजे शंभर.

तब्येतीला जप, जिना सावकाश उतर.

तुझा,
काझिमिर

ता. क. पाकिटांचा डबा तुझ्याच कपाटात आहे ना? सोबत एक नवं पाकीट ठेवलंय. त्यात डेट्रॉइट पहिलं आणि आपण तिसरे. (लिहिताना दोनदा पेन खाली ठेवलं.) येत्या शुक्रवारी डबा उघडायच्या आत माझं जुनं काढ आणि हे टाक.

आणखी एक ता. क. थांब, बदलू नकोस. आत्ताच दाजी मोठी कढई न्यायला आले होते. दारातच टोपी काढून उभे राहिले आणि म्हणाले, "फोनवर तुझं ते चौऱ्याण्णव-चौऱ्याण्णव ऐकून मीही आपल्याला पहिलं लिहून बसलोय. पाकीट टाकल्यावर चौकशी केली, तेव्हा शर्टाचं कळलं. आता बुडालो तर दोघं बुडू." एकतीस वर्षांत दाजींनी आपल्याला चौथ्याच्या वर चढवलं नव्हतं. माझ्या शब्दावर चढवलं. ताई, खरंच सांगतो, मला भरून आलं. असा माणूस नशिबानेच मिळतो.

शेवटची ता. क. डबा हाताशी आहेच, तर त्यांचं पाकीट जरा किटलीच्या वाफेवर धरून उघड आणि खरंच तसं लिहिलंय का बघ. नसेल तर माझं बदल.