नवरदेवाची गाडी

२४ नोव्हेंबर २०२४, रविवार

डिंक निघत नाही! मागच्या काचेवर नवरा-नवरीच्या नावाचं स्टिकर चिकटवलं होतं. स्टिकर सोललं, डिंक तसाच. काचेत त्या गरम व्हायच्या तारा, म्हणजे ब्लेडही लावता येत नाही. खोबरेल चोळून अर्धा दिवस नखाने खरवडत बसलो. सीटच्या फटीत अक्षता. एसीच्या जाळीत झेंडूच्या पाकळ्या. आणि त्या नवरदेवाच्या मामाने दाराच्या कप्प्यात पानाची पिचकारी मारलेली पिशवी ठेवलीय! माणसं आहेत का कोण!

तुळशीची लग्नं लागली की गावातली सुरू होतात आणि मग माझ्या गाडीला उसंत नाही. लाल रंग, छोटी, चकचकीत, मागे स्पॉयलर — नवरदेवाला अगदी साजेशी. नवरदेव मागे, त्याच्या शेजारी करवली, पुढे कुणीतरी मामा नाहीतर मेव्हणा, आणि स्टिअरिंगवर मी. वय तेहतीस. अख्ख्या भावकीचे नवरदेव मांडवात पोचवले. मला पोचवणारं कुणी नाही.

गाडी घे म्हणून अण्णाच मागे लागले होते. "दारात गाडी दिसली का पावणं निदान उंबऱ्याच्या आत येत्यात." त्यांच्या मनात उंच गाडी होती, चार माणसं आणि दोन गोण्या मावतील अशी. मी ही आणली. अण्णांनी डिकी उघडून बघितली. "ह्यात कांदा काय, लसूण तरी बसंल का?" म्हणाले. पण हार त्यांनीच घातला.

पाहुणे आले. उंबऱ्याच्या आतही आले. गाडीचं कौतुक केलं, चहा घेतला, आणि विचारलं — "मुलगा काय करतो?" शेती म्हटलं की कप खाली.

२७ नोव्हेंबर

सकाळी मंचरला बटाट्याच्या बियाण्याला गेलो होतो. येताना बायपास मोकळा मिळाला. तिसरा गिअर टाकून दाबली. आरपीएमचा काटा दोन हजाराच्या पुढे गेला की टर्बो धरतो आणि पाठ सीटला चिकटते. तेवढा वेळ मी कुणाचा ड्रायव्हर नाही, कुणाचं नाकारलेलं स्थळ नाही. नुसता चालवणारा! मग पुढे उसाचा ट्रॅक्टर आला, मागे दोन ट्रॉल्या. कळंबपर्यंत त्याच्या मागे.

२ डिसेंबर

आईला डोळे तपासायला नेलं. जाताना ठीक. घरी आल्यावर तिला उठताच येईना — सीट खाली, कंबर धरलेली. दोन्ही हात धरून ओढून काढलं. आई हसत होती, "आरं, हिरीतनं बादली वढतो का काय!" मीही हसलो. अण्णा गोठ्यापाशी उभे होते. ते नाही हसले.

८ डिसेंबर, रविवार

आज पारगावला. तुषारसाठी मुलगी बघायला. तुषार म्हणजे थोरल्या तात्यांचा मुलगा, माझ्याहून चार वर्षांनी लहान, चाकणला कंपनीत. गाडी अर्थात माझी. निघताना काकूंनी बजावलं, "तू गाडीपाशीच थांब बाबा. तुझंबी व्हायचंय. दोन नवरं एका बैठकीत नको." बरं, थांबतो!

मुलीच्या वडिलांचं नाव संपतराव. दारापुढचा चढ चढताना गाडी खालून अशी घासली की माझ्याच बरगड्या खरवडल्यासारखं झालं. सगळे आत गेले. मी फडकं घेऊन धूळ पुसत बसलो. तेवढ्यात एक मुलगी स्कूटीवरून आली. तोंडाला ओढणी. गाडी बघून तिथेच थांबली.

"टर्बो ना? मॅन्युअल?"

"मॅन्युअल."

"आमच्या चढाला घासली नाय?"

"घासली. अजून कानात आवाज आहे."

हसली. "मग एवढी खाली गाडी घेतली कशाला?"

"चालवायला," म्हटलं. दुसरं काही सुचलंच नाही.

"बरोबर आहे," म्हणाली! आजवर एक माणूस असं म्हणालं नव्हतं. तिने क्लास लावून लायसन काढलंय, पण घरात गाडीच नाही. मंचरला पॅथॉलॉजी लॅबमध्ये असते, रविवारी अर्धा दिवस. मग ओढणी काढून म्हणाली, "तुमीच का?"

मला काय ते कळलं. एक क्षण वाटलं, हो म्हणावं. "नाही. मुलगा आत बसलाय. मी त्याचा चुलतभाऊ, भरत."

"आणि गाडी?"

"गाडी माझी."

तिने स्कूटी भिंतीला लावली. मग मागच्या दाराने आत गेली, साडी नेसायला. हर्षाली नाव. हे आतून हाका मारल्या तेव्हा कळलं.

खिडकीतून संपतरावांचा आवाज आला — "त्या ड्रायव्हरला चा द्या रं भाईर!" तात्या तिथेच होते. तुषारही होता. एक जण बोलला नाही, की बाबा हा आमचाच पोरगा आहे. चहा आला. प्यायलो. चांगला होता, हेच जास्त लागलं.

९ डिसेंबर

मंचरला खताला गेलो होतो. लॅबवरून दोनदा गेलो. रस्ताच तिथून आहे.

१२ डिसेंबर

आईला सांगून टाकलं. ती धार काढत होती. तोंड वर न करताच म्हणाली, "आरं, तुषारसाठी बघितलेली पोर ती! लोकं काय म्हन्तील?"

"ठरलंय का अजून?"

"न्हाई ठरलं."

"मग?"

तिने बादली बाजूला सरकवली. मग म्हणाली, "सांगून बघते ह्यांना."

जेवताना अण्णा माझ्याकडे बघत नव्हते. हात धुताना म्हणाले, "बघू." अण्णांचं बघू म्हणजे नाही नसतं. गाडीच्या वेळीही आधी बघूच म्हणाले होते.

१५ डिसेंबर

खुळ्यासारखा खूश आहे. विहिरीपर्यंतही गाडी घेऊन गेलो. खडा लागून कडेचं प्लॅस्टिक चिरलं. चिरू दे.

२० डिसेंबर

तात्या पेढे घेऊन आले. पारगावचा होकार आला. तुषारला.

गाडी बघून दिला! दुसरं काय? लाल गाडी दारात उभी, आतून इस्त्रीचा शर्ट उतरला, पुढे ड्रायव्हर. स्थळ एकदम झोकात! शर्ट तुषारचा, गाडी माझी, आणि मुलगी शर्टाला. तिला तर मी माझ्या तोंडाने सांगितलं होतं गाडी कुणाची ते. मग तिने तरी का नाही तोंड उघडलं? पण पोरींना विचारतंय कोण. किंवा तिलाही चाकणच हवं असेल. असेल! एकदा हसली, म्हणून मी काय काय रचत बसलो.

तुषार गेटपाशी गाठून म्हणतो, "भाऊ, लग्नाला गाडी तुझीच हां. आन् ती कुनाची ते बोलत बसू नको राव. त्यान्ला वाटतंय घरचीच हाय."

घरचीच! हसलो मी. थोबाडीत द्यायला हवी होती.

अण्णांनी मात्र पेढा घेतला नाही. तात्यांना म्हणाले, साखर वाढलीय. त्यांना साखर नाही! उठून गोठ्यात गेले. बरं वाटलं. घरात एक तरी माणूस माझ्या बाजूचा आहे.

१९ जानेवारी २०२५

साखरपुडा. गेलो नाही. क्लच गेलाय म्हणून सांगितलं. बिचाऱ्या गाडीच्या नावाने पहिल्यांदाच खोटं बोललो.

१६ फेब्रुवारी, रविवार

लागलं एकदाचं.

नाही म्हणणार होतो. पण तात्या स्वतः आले, आई मध्ये पडली, आणि अण्णा म्हणाले, "जा. चारचौघांत तमाशा नको." गेलो. गाडी धुतली, पुसली, आणि त्यांनी झेंडूने मढवली. काचेवर पुन्हा स्टिकर — तुषार, मध्ये बदाम, हर्षाली. सजवणाऱ्या पोराने मन लावून, कोपरे दाबून दाबून चिकटवलं.

मांडवात ठरवून गेलो होतो की संपतरावांना सांगायचं, गाडी माझी आहे, मी ड्रायव्हर नाही. तर तेच समोरून आले आणि वाकून नमस्कार केला. मला! ड्रायव्हरला कुणी असा नमस्कार करतं? म्हटलं, मुलीचा बाप आहे, आज दिसेल त्याला वाकत असेल. जमलंच नाही बोलायला.

परत येताना ती मागे. एवढी जवळ की बांगड्यांचा आवाज येत होता. आरसा वर फिरवून ठेवला. मागचं दिसत नाही म्हणून मागून दोन गाड्यांनी हॉर्न मारले, मारू दे. फाट्यावरच्या स्पीडब्रेकरला पाच माणसांच्या वजनाने गाडी घासली, तशी ती हळूच म्हणाली, "घासली."

तुषार म्हणाला, "भाऊ, बघून चालव ना जरा!"

माझ्याच गाडीत!

१७ फेब्रुवारी

डिंक काढला नाही. पडू दे तसाच.

२६ फेब्रुवारी

तुषारशी बोलत नाही. तात्यांशी नाही. काकू समोरून आल्या तर वाट बदलतो. आई म्हणते, किती दिवस? आयुष्यभर! ज्याने माझी मुलगी माझ्याच गाडीतून नेली त्याच्याशी काय बोलायचं? संध्याकाळी अण्णांच्या शेजारी ओट्यावर बसतो. ते बोलत नाहीत, मी बोलत नाही. तेवढंच बरं वाटतं.

४ मार्च, मंगळवार

मंचरच्या मार्केट यार्डात संपतराव भेटले. हाताला धरून चहाला नेलं. त्यांना वाटलं, मला सगळं माहीतच आहे.

"भरतराव, पोरीनं पयलं तुमचंच नाव घेतलं व्हतं. म्हनून तर मी तुमच्या घरी आलो. तुमी रानात व्हता. तुमचं वडील म्हनले, पोरगं लई गुनाचं हाय, पन हितं देऊ नका. दारातली गाडी बघू नका, मागं गोठा हाय. आमच्या हिच्या कंबरेचं हितं काय झालं ते मी डोळ्यांनी बघतोय. तुषारला द्या, लेक सुखात ऱ्हाईल. — सोताच्या पोराचं असं कोन सांगतंय? देवमानूस हो!"

घरी आलो. अण्णा ओट्यावर होते. विचारलं, "संपतराव आले होते?"

"आलते."

"मला ती आवडली होती, हे माहीत होतं?"

"व्हतं."

भांडायचं होतं. आत आई भिंत धरून उठत होती. अण्णा संपतरावांना खोटं काहीच बोलले नव्हते.