शिंगवाल्या हरिणीचे शेत आणि चंदाचे घर

मी, श्रीमती गोदावरीबाई तेजराम कापगते, वय वर्षे ७१, धंदा शेती, राहणार पिपरटोला, तालुका साकोली, जिल्हा भंडारा, पूर्ण शुद्धीत आणि स्वखुशीने हे मृत्युपत्र लिहून ठेवत आहे. माझे गुडघे गेले आहेत, डोके गेलेले नाही. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. मला कोणी धाक घातलेला नाही की फूस लावलेली नाही. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही आणि पुन्हा करण्याची ताकद माझ्यात उरलेली नाही, म्हणून हेच शेवटचे समजावे.

माझे पती वारल्यावर मुलगा कैलाश व मुलगी तृप्ती यांनी हक्कसोड करून दिल्यामुळे घर आणि शेत माझ्या एकटीच्या नावावर आहे. त्याची व्यवस्था अशी.

१. राहते घर, परसातली विहीर व गोठा यांसह, माझी धाकटी जाऊ चंदा टेकचंद कापगते हिला पूर्ण मालकी हक्काने देते. कैलाश, तुला राग येईल. दिवाळीत तू म्हणालास, "आई, घर घरच्याच मानसाले जावं." चंदा घरची कशी, हे तुला ठाऊक आहे. तुझ्या मुलांना ठाऊक नाही, म्हणून लिहिते.

जंगलाला लागून आमची धानाची बांधी आहे. सात-आठ वर्षांपूर्वी तिथे चितळांच्या कळपात एक शिंगवाली येऊ लागली. चितळात शिंगे नराला असतात, मादीला नाही. आम्ही तो नरच समजलो. पण नरांची शिंगे वाढली की वरची मऊ साल झडून आतले हाड उघडे पडते. हिच्या शिंगांवरची साल वर्षभर तशीच राहिली. एक दिवस माझे पती मचाणावरून धावत घरी आले. "अवो, त्याले पाडस पिऊन राह्यलं! मादी होय ते!" मी म्हणाले, "धान खाऊन राह्यली ना? हाकला मंग." ते म्हणाले, "खाऊ दे थोडंसं." त्यानंतर ते राखणीला जात ते तिला पाहायलाच. नर तिच्या वाट्याला जात नाहीत, मागच्या पायांवर उभी राहून ती पाला ओरबाडते, असे येऊन सांगत. त्यांना इतके बोलताना मी लग्नानंतर प्रथमच ऐकत होते.

ही बातमी माझा दीर टेकचंद याने बाहेर नेली. आमचे सासरे बंदूक बाळगत, कायद्याने शिकार चालत असे तेव्हा पाहुण्यांना जंगलात नेत. त्या गोष्टी ऐकत टेकचंद मोठा झाला आणि आपला काळ हुकला असे त्याला कायम वाटत राहिले. शिंगवाल्या मादीचे शिंग घरात असले की गुप्तधन लागते, असे सांगणारी माणसे त्याला शहरात भेटली. एका रात्री मचाण रिकामे पाहून त्याने आमच्या पंपाच्या खांबावरून आकडा टाकून बांधीच्या कडेने उघडी तार ओढली.

सकाळी पती गेले तेव्हा ती मरून पडली होती. त्यांनी वाळलेल्या बांबूने तार ओढून काढली, अंगावरचा दुपट्टा तिच्यावर घातला आणि बसून राहिले. वनखात्याची माणसे आली तेव्हा शेत पतीचे, पंप त्यांचा, तार त्यांच्यापाशी. दोघांनी त्यांना धरले होते आणि गावातली पोरे शिंगवाल्या मादीबरोबर मोबाइलवर फोटो काढत होती.

तार कोणाची हे त्यांनी ओळखले होते, पण भावाचे नाव घेतले नाही. मी कोठडीत भेटायला गेले तेव्हा ते मला म्हणाले, "टेकचंदची लेकरं लहान हायत. तू चूप राहाय." टेकचंद घरी होता. दोन्ही वेळा जेवत होता.

मग चंदा गोठ्यात आली. मी शेण काढत होते. तीही काढू लागली आणि मान खाली ठेवूनच म्हणाली, "बाई, तार आमच्या घरचा होय. मी पाह्यलो यायले गुंडाळताना." यायले म्हणजे टेकचंदला; नवऱ्याचे नाव ती घेत नसे.

मी विचारले, "साहेबापुढं सांगशील?"

"तुमी संग असाल तं सांगतो."

आम्ही दोघी बसने साकोलीला गेलो. तिने नवऱ्याचे नाव घेऊन सगळे सांगितले. टेकचंदला अटक झाली, माझे पती सुटले. पुढे जामिनावर आल्यावर टेकचंदने मुलांना ठेवून घेतले आणि चंदाला अंगावरच्या लुगड्यावर बाहेर काढले. तिच्या माहेरानेही दार लावले. तेव्हापासून ती या घरात आहे. मुले मोठी झाली, आता लपून भेटायला येतात.

पती सुटून आले आणि मला एवढेच म्हणाले, "माह्या भावाले तू जेलात टाकलं." त्यानंतर चार वर्षे ते माझ्याशी बोलले नाहीत. मी वाढलेले जेवत, पण बोलत नसत. आमच्यात भासरा, म्हणजे थोरला दीर, आणि धाकटी भावजय समोरासमोर बोलत नाहीत, त्यामुळे चंदाशीही बोलणे नव्हतेच. एका छताखाली तीन माणसे आणि ते घरात असले की आवाज फक्त भांड्यांचा. मी चूक केली असे मला तेव्हा वाटले नाही, आजही वाटत नाही. थकले मात्र खरी.

शेवटच्या आजारात एके दुपारी त्यांनी हाक मारली, "चंदा, पानी दे." मी जवळच बसले होते. ती पदर सावरत आली, त्यांना टेकवून बसवले आणि पाजले. पिऊन झाल्यावर ते म्हणाले, "सुखी राहाय." मला काही म्हणाले नाहीत. मला राग आला, आणि बरेही वाटले.

म्हणून घर चंदाचे.

२. शेत कैलाश व तृप्ती यांना निम्मे-निम्मे. जंगलाकडची बाजू तृप्तीने घ्यावी. कैलाश ती रिसॉर्टवाल्यांना विकेल, हे त्यानेच मला सांगितले आहे. पंपाची वीज मी तोडून घेतली, आता सौर पंप आहे. खांबावरून पुन्हा वीज घेऊ नये. कुंपण बोरीच्या काट्यांचे करावे. थोडे धान जाईल.

३. सासऱ्यांची बंदूक पोलीस ठाण्यात जमा आहे. ती कोणी मागू नये. बैठकीतली सांबराची शिंगे मी वनखात्याला देऊन पावती घेतली आहे. भिंतीवर त्यांचा डाग आहे. चंदाला चुना लावायचा असेल तर लावावा.

४. बँकेत जे असेल ते, आणि माझ्या पाटल्या, तृप्तीला. विळे, फवारणीचा पंप आणि भात शिजवायचा मोठा गंज चंदाकडे राहू द्यावा. पतीची राखणीला न्यायची बॅटरी कैलाशने न्यावी, वडिलांची म्हणून.

५. टेकचंद कापगते यास माझ्या मिळकतीतून काहीही देत नाही. त्याचा खटला अजून चालू आहे. त्यात तडजोड करावी म्हणून चंदावर कोणी दबाव आणल्यास तृप्तीने तिच्या बाजूने उभे राहावे. या मृत्युपत्राची अंमलबजावणीही तृप्तीनेच करावी.

६. माझ्या तेरवीला टेकचंदला निरोप द्यावा. मी लग्न होऊन आले तेव्हा तो शाळेत जात होता, त्याचा डबा मीच करीत असे. आला तर पंगतीत बसवावे. त्याला कैलाशने वाढावे. त्या दिवशी चंदाने वाढायला उठू नये. तिने त्याच्या आधी जेवून घ्यावे.

वरील मजकूर मी माझ्या हाताने लिहिला, साक्षीदारांना वाचून दाखवला आणि त्यांच्यासमोर सही केली. त्यांनीही माझ्यासमोर सह्या केल्या. चंदाला घर मिळत असल्याने तिची साक्ष घेतलेली नाही. ती आत भात शिजवत आहे.

ठिकाण : पिपरटोला
दिनांक : १९ नोव्हेंबर २०२५

सही : गोदावरीबाई तेजराम कापगते

साक्षीदार :
१. विमलाबाई श्रावण हटवार, शेजारीण, पिपरटोला (डाव्या अंगठ्याचा ठसा)
२. योगेंद्र मनिराम रामटेके, निवृत्त शिक्षक, साकोली (सही)