हलक्या कुंड्या

प्रिय मेट्रनबाई,

तू अजून होकार कळवलेला नाहीस, तरी मी असंच लिहिणार. सगळा दवाखाना तुला सिस्टर म्हणायचा, तेव्हा मला नवरा असून हाक मारायची पंचाईत व्हायची. आता ती मिटली.

सोमवारी सकाळी आंघोळ झाल्यावर देवापुढे हात जोडले आणि दुकान उघडायच्या आधी तुझ्या सगळ्या कुंड्या बाल्कनीत जुन्या चादरीवर मांडल्या. झाडं मातीच्या कुंड्यांतून काढून प्लॅस्टिकच्या कुंड्यांत लावायची होती. वरच्या मजल्यावरच्या वहिनी कठड्यावरून वाकून म्हणाल्या, "भाऊजी, बाई आल्या की तुमचं काही खरं नाही!" मी हसून पुढची कुंडी ओढली.

मनीप्लांट मुकाट्याने निघाला. रबराचं झाड मात्र हटून बसलं. कुंडी ठोकली, खोड धरून ओढलं, आणि तुझा आवाजच ऐकू आला, "अहो, ओढू नका, त्याला सोडू द्या." मग तू करतेस तसं केलं. कडेने पाणी सोडलं, थोडा वेळ थांबलो, खोड दोन बोटांत घेऊन तळवा मातीवर ठेवला आणि कुंडी हळूच उलटी केली. तान्ह्या बाळाची मान सावरावी तसं तू ते करतेस. माझ्या हातात अख्खा गोळा आला, वरून खाली मुळांनीच विणलेला. जास्तीची मुळं छाटायची सुरी आधी स्पिरिटने पुसली बरं का! नाहीतर तू तिथून ओरडली असतीस.

एकदा तुझा डबा द्यायला वॉर्डात आलो होतो, आठवतं? कूस बदलता न येणाऱ्या एका म्हाताऱ्यांच्या अंगाखालची चादर तू बदलत होतीस. ते झोपलेले होते, आणि चादर बदलून झाली तरी झोपलेलेच होते. मी डबा धरून दारातच उभा राहिलो. मी जन्मभर कापडावर हात चालवला. चुकलं तर कापड ओरडत नाही. तुझे हात ओरडणाऱ्या माणसांवर चालतात, आणि ती झोपून राहतात. देव सगळीकडे आहे असं गावच्या शाळेत गुरुजी सांगायचे, मी मान डोलवायचो. पटलं ते त्या दुपारी. तुला कधी बोललो नाही, कारण तू म्हणाली असतीस, "पुरे झालं, डबा द्या आधी."

तू आता आहेस त्या शहरातल्या मोठ्या दवाखान्याने तुला तात्पुरतं बोलावलं आणि आता कायमची मेट्रन हो म्हणतात. महिनाअखेर उत्तर द्यायचंय. परवा फोनवर तू म्हणालीस, "मी नाही म्हणून कळवणार आहे. तुमचं दुकान इथे, गिऱ्हाइकं इथे. ते मोडून मला मोठं व्हायचं नाही. मी मेट्रन झाले नाही म्हणून जग थांबत नाही." जग थांबत नाही, खरंय. पण त्या वॉर्डांतल्या माणसांचं काय? फोनवर मला शब्द सुचत नाहीत, तुला माहीत आहे. मी "बघू" म्हणालो आणि ठेवला.

रविवारी टेम्पो सांगितलाय. झाडं येतील, भांडी येतील, आणि पुढे ड्रायव्हरशेजारी मी. माझं एक मशीन बरोबर घेतोय. कपडे तिथेही उसवत असतीलच.

आणि ज्यासाठी हे पत्र लिहायला बसलो ते आता सांगतो. दुसऱ्या मशीनवरच्या आपल्या कारागिराला काल संध्याकाळी दुकानात समोर बसवलं आणि किल्ली त्याच्या हातावर ठेवली. तो गडबडला. म्हणाला, "मालक, वहिनी हो म्हणाल्या का?" मी म्हटलं, "तिला अजून विचारलंच नाही." पत्र पोचलं की लगेच होकार कळव. नाही म्हणायला तुझ्याकडे एकच कारण होतं. ते मी काल देऊन टाकलं.

तुझाच,
शिंपीदादा