बाबांचा डिझेल क्लब

रविवार, ४ फेब्रुवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

फोन सोडून पत्र कशाला, असं तुला वाटेल. आपल्या घराच्या भिंती पातळ आणि बाबांचे कान तिखट. जे सांगायचंय ते त्यांच्याबद्दलच आहे.

आई गेल्यावर बाबांनी पंप बसवायचं काम बंद केलं, पण पिकअप विकली नाही. मग त्यांना तो विभागीय डिझेल पिकअप क्लब सापडला. मला बरंच वाटलं होतं. घरात भिंतीशी बोलण्यापेक्षा चार माणसांत इंजिनाबद्दल बोललेलं काय वाईट? रविवारी सगळे जुन्या खाणीच्या मैदानावर जमतात, बॉनेट उघडून एकमेकांच्या गाड्यांत डोकी खुपसतात, कुणाच्या इंजिनाचा टर्बो कशी शीळ घालतो ते ऐकतात, दगड भरून चढावर गाड्या चढवतात आणि कपड्यांना वास लावून परततात. अध्यक्ष म्हणजे निवृत्त गुरांचे डॉक्टर. बाबा सांगतात, ते इंजिनालासुद्धा गाभण गाईसारखं थोपटतात.

पण अलीकडे पाणी कुठंतरी मुरतंय. क्लबात एक रोपवाटिकेवाल्या बाई आहेत. त्यांची पिकअप पिवळीधमक, म्हणून मी त्यांना मनात पिवळी म्हणते. आता दर रविवारी ही पिवळी सकाळीच येते, स्वतःची गाडी आपल्या फाटकाशी लावते आणि बाबांच्या शेजारी बसून जाते. स्वतःच्या गाडीवर एवढा जीव टाकणारी बाई दुसऱ्याच्या गाडीत का बसेल? मी विचारलं तर बाबा म्हणाले, डिझेल वाचतं. क्लबातल्या माणसानं डिझेल वाचवण्याची गोष्ट करावी म्हणजे हलवायानं साखर सोडण्यासारखं झालं.

गेल्या आठवड्यात गाडीचं डावं मडगार्ड एकदम नवंकोरं दिसलं. रंग ओला होता. प्रदर्शनासाठी उजळवलं म्हणे. प्रदर्शनासाठी एकच बाजू? आणि काल मी आंघोळीला गेले असं समजून ते फोनवर बोलत होते. मी दाराआड होते. ते म्हणाले, "मुलीला कळता कामा नये. तिला कळलं तर संपलंच सगळं."

आता तूच सांग, काय कळता कामा नये?

वहिनीला नमस्कार. लोभ आहेच, तो गंजू देऊ नये ही विनंती.

तुझी,
धाकटी

---

मंगळवार, १३ फेब्रुवारी

चि. धाकटीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र मिळालं. दिवसभर दातांच्या दवाखान्यात लोकांची तोंडं बघून तुला जिथंतिथं कीड दिसायला लागली आहे, असं मी म्हणणार होतो. पण ते मडगार्डचं वाचलं आणि इथल्या शीतगृहात कामावर बसूनही मला घाम फुटला.

वहिनीचं मत, बाबा लग्न करताहेत. तिला त्यात काही गैर वाटत नाही, उलट कोणती साडी नेसायची ते तिनं ठरवून टाकलंय. माझं मत वेगळं आहे. तसल्या धडधाकट जुन्या पिकअप आता मिळत नाहीत. क्लबातल्या लोकांची नजर गाडीवर असणार. म्हाताऱ्याला गोड बोलून गाडी नावावर करून घ्यायची, दुसरं काय. बाबा दिसायला करारी, पण कुणी इंजिनाची तारीफ केली की लोण्यासारखे वितळतात. ते अध्यक्ष घरी येतात का? कागदपत्रांबद्दल काही विचारतात का? नीट नजर ठेव.

आणखी एक. मी मागच्या वेळी आलो तेव्हा बाबांनी वर्तमानपत्र घडी न मोडता बाजूला ठेवलं होतं. हल्ली बातम्यांत राम नाही, असं म्हणाले. जे बाबा जाहिरातींतल्या चुका काढायचे, त्यांना आता बातम्याही नकोत. त्यांचं मन थाऱ्यावर नाही हे नक्की. कुणीतरी त्यांच्या डोक्यात काहीतरी भरवतंय.

समोरासमोर विचारू नकोस. ते तोंडाला कुलूप लावतील. क्लबाच्या मेळाव्याला न सांगता जाऊन ये.

जपून राहा. माया आहे तशी असू दे, उत्तर मात्र लवकर धाड.

तुझा,
दादा

---

सोमवार, २६ फेब्रुवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

काल मेळाव्याला गेले होते.

सकाळी मैत्रिणीकडे जाते म्हणून निघाले आणि रिक्षा करून खाणीच्या फाट्यावर जाऊन थांबले. तिथून मैदानापर्यंत कच्चा रस्ता आहे. थोड्या वेळानं गाड्या आल्या. पुढं अध्यक्षांची, तिचे सगळे दिवे दिवसाढवळ्या लुकलुकत होते. मागं आपली. तिच्यामागं आणखी एक, अगदी चिकटून. बाबांची मिरवणूक निघाली आहे असं वाटावं. बाबा ताठ बसून चालवत होते आणि पिवळी त्यांच्या कानाशी सारखी काहीतरी बोलत होती. ते बघून माझ्या अंगाचा तिळपापड झाला. अध्यक्षांची गाडी पुढं गेली तशी मी रस्त्याच्या मधोमध जाऊन उभी राहिले आणि हात वर केला. म्हटलं, होऊ दे एकदाचा सोक्षमोक्ष.

दादा, गाडी थांबेना. बाबा सरळ माझ्याकडे बघत होते. चेहऱ्यावर राग नाही, दचकणं नाही, काही नाही. पिवळी ओरडली तेव्हा ब्रेक लागला. बंपर माझ्या साडीला टेकला.

मी तशीच उभी. बाबांनी मान बाहेर काढली आणि माझ्या तोंडाकडे बघत विचारलं, "कोण आलं मध्ये? लागलं का कुणाला?"

मी हात तसाच वर धरून होते. त्यांनी पुन्हा विचारलं, "अहो, कोण आहे?" तेव्हा पिवळी खाली उतरली आणि रस्त्याच्या कडेला बसून रडायला लागली.

मग सगळं बाहेर आलं. बाबांना गेल्या पावसाळ्यापासून समोरचं दिसेनासं झालंय. ते त्यांनी क्लबात सांगितलं आणि आपल्याला सांगायचं नाही म्हणून शपथा घातल्या. ते लोक आधी फक्त मोकळ्या मैदानात त्यांच्या हाती गाडी द्यायचे. मग बाबा हट्ट करून गाडी रस्त्यावर काढू लागले. पिवळी बाजूला बसून त्यांचे डोळे व्हायची, बाकीचे मागंपुढं राहायचे. मडगार्ड एका खांबाला घासलं होतं.

मी तिला म्हटलं, "तुम्ही आज माणूस मारला असता."

ती म्हणाली, "हो."

एवढंच. सारवासारव केली असती तर मला भांडता आलं असतं. गाडी घरी अध्यक्षांनी आणली. किल्ली माझ्या पर्समध्ये आहे. आज डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. डोळ्याचा पडदा मधोमध खराब झालाय. कडेनं दिसतं, समोरचं नाही. गेलेलं परत येणार नाही, उरलेलं टिकवायला डोळ्यांत इंजेक्शनं घ्यावी लागतील. बाबा सगळं ऐकून घरी आले आणि खुर्चीवर पाठ फिरवून बसले.

आपण त्यांच्यावर पाळत ठेवत होतो आणि ते आंधळे होत चालले होते. तू लवकर ये. माया कमी करू नये.

तुझी,
धाकटी

---

रविवार, ३ मार्च

चि. धाकटीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

शनिवारी पोहोचतो. तोवर किल्ली पर्समध्येसुद्धा ठेवू नकोस. बाबांचा हात बरोबर तिथं जाईल. दवाखान्यात कुलपात ठेव.

त्या क्लबाला फाटकाच्या आत येऊ देऊ नकोस. लोक म्हातारे असतील, प्रेमळ असतील, पण त्यांनी बाबांच्या हातात गाडी नाही, बंदूक दिली होती. मला अजूनही शंका येते, ह्या माणसांना बाबांचा कळवळा होता की आपला एक गडी कमी होईल याची भीती? वहिनी म्हणते, दोन्ही एकच असतं. तिचं मला पटत नाही.

बाबांवर चिडू नकोस. चिडायचं काम माझ्यावर सोड. कडक बोलतोय, पण आशीर्वाद पहिल्याइतकेच मऊ आहेत.

तुझा,
दादा

---

रविवार, २८ एप्रिल

चि. दादास,
अनेक आशीर्वाद.

हे धाकटी लिहिते आहे, सांगणारा मी. ती मनाचं काही घुसडत असेल तर मला कळायचं नाही, म्हणून शेवटी सगळं मोठ्यानं वाचायला लावणार आहे. (दादा, यांना माझा एवढाच भरवसा.)

तू येऊन भांडून गेलास ते बरं केलंस. तू गेल्यावर मी खूप दिवस खुर्ची सोडली नाही, हे तिनं कळवलं असेलच. डोळे गेल्याचं दुःख होतंच, पण रविवार गेल्याचं जास्त होतं. तुझी आई गेल्यावर आठवड्यात तेवढ्या एकाच दिवशी मी मला ओळखू यायचो. ते तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही किल्ली काढून घेतली असती. ती घ्यायलाच हवी होती. मी रस्त्यावर पोरीच्या अंगावर गाडी घातली, याच्यापुढं मला काही म्हणायचं नाही.

पुढचं ऐक. बॅटरी उतरू नये म्हणून धाकटी रोज इंजिन सुरू करायची. मी बॉनेटवर हात ठेवून उभा राहायचो. एके दिवशी गुपचूप पलीकडच्या सीटवर जाऊन बसलो आणि तिला म्हटलं, पहिला गिअर टाक. तिनं मला खाली उतरवायचा प्रयत्न केला. (दोनदा.) मग टाकला. गाडी बेडकासारखी उडाली.

परवाना तिच्याकडे आधीपासून होता, आता ती शिकलीही आहे. क्लच दाबते की चिखल तुडवते तेच कळत नाही. गेल्या रविवारी आम्ही मैदानावर गेलो. तिनं आधी अध्यक्षांना सगळ्यांदेखत झाडलं, मग रोपवाटिकेवाल्या बाईंना. माझ्या हाती स्टिअरिंग दिलं तर पोलिसांत जाईन, असं बजावलं. सगळ्यांनी माना खाली घातल्या. नंतर तिची गाडी चढावर बंद पडली, तेव्हा त्याच माणसांनी ढकलली. (खरं आहे. पिवळी सगळ्यांत पुढं होती.) बाईंशी ती अजून मोजूनमापून बोलते. त्यांच्या चहाचासुद्धा आधी वास घेते.

आता खरं सांगायचं ते. डॉक्टर म्हणाले होते, समोरचं गेलं, कडेचं राहिलं. घरात जो तो माझ्यासमोर येऊन बोलतो, म्हणून माझ्यापुढं नुसतं धुकं. गाडीत ती बाजूला बसते आणि मी समोर बघतो. तेव्हा डोळ्याच्या कोपऱ्यात ती येते. मान पुढं काढून, खांदे वर करून, तुझी आई शिवणयंत्रावर बसायची तशी बसते. महिनोन्महिने मी पोरीला पाहिलं नव्हतं.

पुढच्या वेळी येशील तेव्हा समोर बसू नकोस. बाजूला बस.

लोभ असावा. हिचा हात थांबलाय, म्हणून इथंच पुरे.

तुझे,
बाबा