मामाने भाचीला घेतलं नाही

५ मार्च
ती. दादास,
सा. न. वि. वि.
रविवारी येऊन गेलास, पण माझा राग अजून गेलेला नाही. भाचीसाठी झबलं आणलंस ते एवढं मोठं, की ती शाळेत जाताना घालील. स्वतः मात्र हात मागे बांधून पाहुण्यासारखा बसलास. तिला पुढे केलं तर म्हणालास, झोपमोड होईल. ती टक्क जागी होती, दादा. सासूबाई म्हणाल्या, मुलगी झाली म्हणून मामाने तोंड पाडलं. मी भांडले, पण मनात खुटखुट राहिलीच. काय ते सांगून टाक.
रागावले तरी लोभ कमी करू नकोस.
तुझी,
ठकी

८ मार्च
चि. ठकीस,
अनेक आशीर्वाद.
भाचीला पाहून काळीज सुपाएवढं झालं होतं गं. घ्यायला भ्यालो, एवढंच.
कारखान्यात लोखंडाच्या कडा घासायचं ग्राइंडर दिवसभर हातात थरथरतं. पूर्वी नुसत्या मुंग्या यायच्या, आम्ही हसण्यावारी न्यायचो. आता बोटं गारठ्यात पांढरी पडतात, शेंड्यांना काही कळत नाही. बटणं तुझी वहिनी लावते. मशीन हातात नीट बसलंय का तेच कळेना, म्हणून मी ते आणखी आवळायला लागलो. घरीही तेच. एक कप निसटला, दुसरा जपून धरला तर कानच तुटून हातात आला. तुझ्या लेकीला सैल धरलं की घट्ट, हे मला कोण सांगणार?
मेस्त्रींना बोललो तर मशीनवरून काढतील, आणि दुसरं काही मला येत नाही. कुणाला सांगू नकोस.
तुझा,
दादा

१२ मार्च
ती. दादास,
सा. न. वि. वि.
कुणाला सांगू नकोस म्हणालास, म्हणून फक्त यांना, वहिनीला आणि सासूबाईंना सांगितलं. सासूबाई ओशाळल्या. डॉक्टरीणबाईंनाही विचारलं. त्या म्हणाल्या, थरथरीने बोटांच्या नसा दुखावतात, आणि जितकं आवळावं तितकी थरथर आत जाते. गेलेलं परत येईलच असं नाही, पण मशीन सोडलंस तर उरलेलं वाचेल. मला रात्रंदिवस तुझी ती पांढरी बोटंच दिसतात.
रविवारी ये. खाली बस, मी तिला तुझ्या मांडीवर ठेवीन. टाळलंस तर तिला घेऊन मीच तुझ्या दारात येईन.
तुझी,
ठकी

१८ मार्च
चि. ठकीस,
अनेक आशीर्वाद.
काल तू दूध आणायला आत गेलीस, तेव्हाचं सांगायचं राहिलं. भाचीने माझं मधलं बोट धरलं होतं. खाली बघितलं तेव्हा कळलं, त्याआधी नाही. फार रडू आलं. मग तिची मूठ सोडवून माझ्या अंगठ्यावर ठेवली. तिथे कळलं, ठकी. कोमट होती, थोडी ओलसर.
आज मेस्त्रींना सांगून मशीन खाली ठेवलं. दुसरं काम देईन असं ते म्हणाले नाहीत. जिवाला घोर आहे, पण एवढा अंगठा मला राखायचा आहे.
लोभ असू दे, तुझा आणि तिचाही.
तुझा,
दादा