पाणी आलं का?

आबा, सगळ्यात आधी टपकली ती शेजारीण. माझ्या घरी कोण येणार हे तिला माझ्याआधी कळतं. तिच्यामागून मळवली स्टेशनवरनं चालत माझी नात आली, सोबत तिची ऑफिसातली मैत्रीण. पाठीवरची पिशवी उतरवायच्या आधीच नात म्हणाली, "आजी, इथून ऑफिसचं काम जमलं तर दर महिन्याला चार दिवस तुझ्याकडं राहीन. न्हाई जमलं तर दुपारच्या गाडीनं परत." मग माझं कशात लक्ष लागतंय. इंद्रायणीचा भात खाली लागला तरी वास आला नाही मला.

घरात नेट होतं, पण तिच्या ऑफिसच्या मशीनपर्यंत जाता जाता मधेच तुटायचं. कुठं तुटतं ते बघायचं तिच्याकडं एक हत्यार आहे. हत्यार म्हणजे नुसती अक्षरं, कॉम्प्युटरच्या पोटात राहतात. ते जुनं होऊन अडकलेलं. तिनं चित्रंबित्रं सगळी बाजूला सारली, काळा पडदा उघडला आणि टाइप करून एकेक हुकूम सोडायला लागली. आधी जुनं काढलं, त्याचा उरलासुरला कचरा झाडला, मग नवं मागवलं. आपण वाफ्यावर पालापाचोळ्याचा राब भाजून मगच बी टाकायचो, तसं वाटलं मला. मधेच मशीन थांबलं. घेऊ का, असं विचारतंय म्हणे. नात म्हणाली, "आजी, तूच व्हय म्हण." मी पदर सारखा केला आणि पडद्याकडं बघून मोठ्यानं म्हटलं, "व्हय." मैत्रीण हसून हसून पाटावरनं घसरली. बोलायचं नसतं आबा, वाय दाबायचा असतो. वाय म्हणजे गलोलीची बेचकी. इंग्रजी आलं नाही तरी बेचकी ओळखते मी.

मग ते हत्यार हाका मारायला लागलं. हे इथून हाक मारतं, तिकडचं मशीन ओ देतं, प्रत्येक ओची एक ओळ उमटते. एक, दोन, तीन. चौथी येतच नाही. बघता बघता मी खालच्या खाचरात उभी आहे. पावसानं ताण दिलाय, तुम्ही पार वर ओढ्याचं पाणी सोडताय, मी शाळा बुडवून भेगाळलेल्या मातीत. मधे नुसता भात हलतोय, तुम्ही दिसत नाही. हाक तेवढी येते, "आलं का?" पाणी पायाला लागलं की मी ओरडायचं, "आलं."

मी नातीला सुचवलं, चौथीलाही ओ आला असं लिहून टाक की, काय बिघडतंय. ती म्हणाली, "आजी, हे खोटं बोलत न्हाई. म्हणून तर चूक सापडते." चूक सापडली ती माझ्याच घरात. वायफायचा डबा धूळ बसू नये म्हणून मी तांदळाच्या पत्र्याच्या कोठीमागं दडवला होता. तो कोनाड्यात ठेवला, तशा ओळी एकामागं एक यायला लागल्या. पोरी चार दिवस राहिल्या. घर कसं भरल्यासारखं झालं.

मी मात्र नातीच्या त्या "खोटं बोलत न्हाई"पाशीच राहिले. एकदा पाणी आलंच नव्हतं आबा. मैत्रिणी झोके खेळायला निघाल्या होत्या, मी "आलं" म्हणाले आणि पळाले. तुम्ही पाणी बंद केलंत. खालचं खाचर वाळलं, आणि मधल्या खाचरवाल्या चुलत्यानं पाणी चोरलं असा तुम्ही आळ घेतलात. दोन दिवाळ्या त्यांच्या दारात गेला नाहीत. मी चुलीपाशी बसून सगळं ऐकायची आणि भाकरी गिळायची.

तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, हे पत्र कुठं टाकायचं ते नातीलाही विचारलं नाही. त्याच कोठीत, तांदळात खुपसून ठेवतेय. पोरी पुढच्या महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी येतो म्हणून गेल्यात. शेजारीण आतापासूनच विचारतेय, नक्की येणार का. त्या दारात दिसल्याशिवाय मी काही आल्या म्हणणार न्हाई.